छत्तीस भोकांचा हब

श्यामसुंदर पाटणकरला करकर सहन होत नसे. दार करकरलं की तेल, पंखा कुरकुरला की तेल, आणि ऑफिसातला साहेब कुरकुरला की रजा, असे त्याचे साधे उपाय होते. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोच्या सायकलचा हार काढायला पार्किंगमध्ये उतरला, सायकल भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि मागच्या चाकातून 'कर्रर्र' असा आवाज आला, तेव्हा पुढच्या सगळ्या गोंधळाची तयारी तिथेच झाली.

सायकल साधीसुधी नव्हती. माउंटन बाइक होती. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा "बोरिवलीत माउंटन कुठेय?" असं श्यामसुंदरने विचारलं होतं. उत्तराने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि ती टायरमध्ये हवा भरायला लागली. उत्तरा शाळेत गणित शिकवते. कमीत कमी शब्दांत उत्तर देण्याची तिला सवय आहे.

त्याच्या आधीची दोन वर्षं मात्र वाईट गेली होती. तिच्या गुडघ्याने दगा दिला होता. जिना चढताना ती कठडा धरून मध्येच थांबायची, आणि मागून पिशव्या घेऊन येणारा श्यामसुंदर उगाचच बुटाची नाडी सैल झाल्यासारखं करून वाकायचा, म्हणजे आपल्यामुळे कोणी थांबलंय असं तिला वाटायला नको. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळायचं असेल तर सायकल चालवा. ती चालवायला लागली. आता दर रविवारी ती बायकांच्या एका ग्रुपबरोबर सायकल फेरीबोटीत चढवून गोराईला जाते आणि तिथून पुढे उत्तनपर्यंत. परत येते तेव्हा तोंड उन्हाने लाल आणि बडबड इतकी, की श्यामसुंदरला पेपर वाचता येत नाही. त्याला ते फार आवडतं. (हे त्याने तिला कधी सांगितलेलं नाही. पेपरच्या आडून ऐकतो.)

येत्या रविवारी तर उत्तरा पहिल्यांदाच सगळ्या ग्रुपला घेऊन जाणार होती. एरवी हा मान शर्मिष्ठा नावाच्या बाईंचा असे, आणि त्यांनी तो सोडताना "बघ गं, जमेल ना तुला?" असं विचारलं होतं. त्या एका 'ना'साठी उत्तरा महिनाभर तयारी करत होती.

दसऱ्याला सायकलची पूजा झाली, हँडलला झेंडूचा हार पडला, सीटला कुंकू लागलं, स्पोकमध्ये आपट्याचं पान खोचलं गेलं. दुपारी उत्तरा भाचीच्या डोहाळजेवणासाठी नाशिकला निघाली. शनिवारी संध्याकाळी परत. रिक्षात बसता बसता तिने सांगितलं, "श्याम, उद्या हार काढ आणि कुंकू पूस. बाकी कशाला हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावतोय?" श्यामसुंदर म्हणाला. आणि तेव्हा तो अगदी खरं बोलत होता.

तर, कर्रर्र.

हार काढून झाला होता, कुंकू पुसून झालं होतं. माणसाने अशा वेळी वर जाऊन चहा प्यावा. पण तळमजल्यावरचे लवू धुरी नेमके दात घासत बाहेर आले. लवू धुरी मूळचे कणकवलीकडचे, आणि गिरणी बंद पडेपर्यंत स्पिनिंग खात्यात मशिनांना तेल घालायच्या कामावर होते. गिरणी जाऊन जमाना झाला, तेल घालण्याची हौस मात्र तशीच उरली होती. बिल्डिंगच्या गेटची बिजागरी इतकी तेलकट असते, की गेट उघडणाऱ्याने आधी हात पुसायला फडकं शोधावं.

"पाटणकरांनू," लवू म्हणाले, "ह्यां चाक रडताहा."

"मलापण तसंच वाटलं."

"मशीन बोललां की समजाचां, त्येका तेल व्हया. थांबा हडे."

ते आत गेले आणि पाण्याच्या पंपासाठी आणलेल्या ग्रीसचा डबा घेऊन आले. ग्रीस मधासारखं घट्ट आणि डांबरासारखं काळं. चाकाच्या बरोबर मध्ये जो नळकांड्यासारखा भाग असतो, ज्यात सगळे स्पोक येऊन अडकतात आणि ज्याच्या पोटातून दांडी जाते, त्याला हब म्हणतात. (हा शब्द श्यामसुंदरला त्या दिवशी दुपारी कळला. सकाळी तो त्याला 'मधलं ते' म्हणत होता.) तर मधल्या त्याच्या पोटात लवूंनी बोटाने, मग चमच्याने आणि शेवटी काडीने कोंबून कोंबून ग्रीस भरलं. चाक फिरवून बघितलं. आवाज साफ बंद.

"बघलास?" लवू म्हणाले.

श्यामसुंदरला इतकं समाधान वाटलं की तो सायकलवर बसला. पेडल मारलं. पेडल फिरलं, साखळी फिरली, मागची गिअरच्या चकत्यांची उतरंड फिरली. चाक जागचं हललं नाही. त्याने जोर लावला. पाय गरगर फिरले, आणि सायकल देवळातल्या नंदीसारखी जिथल्या तिथे. आता कुठल्याही सायकलवाल्याने सांगितलं असतं, की तो कर्रर्र आवाज म्हणजे हबच्या आतल्या छोट्या खिट्ट्यांचा, त्या मोकळ्या असल्या की वाजतात आणि पेडल मारलं की चाकाला पकडतात, त्या ग्रीसमध्ये चिकटल्या की संपलं. पण तिथे सायकलवाला नव्हता. तिथे लवू होते.

"काय्येक नाय. खोलून ग्रीस काढूया. हातोडी आसा?"

हातोडी होती. श्यामसुंदरकडे छिन्नीसुद्धा होती, आणि ती कधी वापरायला मिळालेली नव्हती. या दोन गोष्टींचा पुढे जो संबंध आला, त्याचं वर्णन करत नाही. टणकन आवाज झाला, आणि हबची जी कड असते, जिच्या भोकांत स्पोक अडकवलेले असतात, तिचा एक तुकडा उडून लवूंच्या तुळशीत जाऊन पडला.

लवूंनी तो तुकडा उचलून बोटांनी दाबून बघितला.

"हलक्या मालाचो," लवूंनी निदान केलं.

उत्तरा ओरडली असती तर श्यामसुंदरला चाललं असतं, ओरडणं तासाभरात संपतं. पण ती ओरडणार नाही हे त्याला माहीत होतं. ती फक्त "ठीक आहे" म्हणेल, शर्मिष्ठाबाईंना फोन लावेल, "तूच ने गं उद्या सगळ्यांना" असं सांगेल, आणि रविवारी सकाळी घरी बसून पेपर तपासेल. ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. त्याने ऑफिसला फोन करून सांगितलं, घरी सिरियस आहे. कोण, ते त्याने सांगितलं नाही.

इथे श्यामसुंदरची दुसरी बाजू सांगायला हवी. विमा कंपनीत तो असतो पोटासाठी. त्याचं खरं नाव आहे ते ज्ञातिमंडळाच्या वधू-वर सूचक केंद्रात. दर रविवारी, उत्तरा खाडीपलीकडे असते तेव्हा, तो तिथे बसून पत्रिका जुळवतो. वर्णापासून नाडीपर्यंत आठ गोष्टी, त्यांचे मिळून छत्तीस गुण. त्याने जुळवलेल्या लग्नांपैकी फारशी मोडलेली नाहीत. (जी मोडली, त्यांच्या जन्मवेळा घरच्यांनी चुकीच्या सांगितल्या होत्या.) तेव्हा लवू जेव्हा म्हणाले, की चाकाक हब जुळाचो लागता, म्हणतत, भलतोच चलाचो नाय, तेव्हा श्यामसुंदरला तासाभरात पहिल्यांदा हायसं वाटलं.

"जुळवायचंच आहे ना," तो म्हणाला, "मग ते माझ्यावर सोडा."

आणि त्याने केंद्रातल्या शिरस्त्याप्रमाणे काम सुरू केलं. पहिल्या भेटीला मुलीला न्यायचं नसतं. आधी मोठी माणसं जाऊन बोलतात, समोरची मंडळी बघतात, मग पुढचं. म्हणून तो चाक घरी ठेवून एकटाच लिंक रोडवरच्या सायकलच्या दुकानात गेला.

दुकान काचेचं होतं, एसी होता, आणि भिंतीवर सायकली हरणांच्या मुंडक्यांसारख्या टांगलेल्या होत्या. मालक केयूर, तिशीतला, दाढी कोरलेली, फोनवर बोलता बोलता दुसऱ्या फोनवर टाइप करत होता.

"हब हवाय. मागच्या चाकाचा," श्यामसुंदर म्हणाला.

"चाक कुठेय, काका?"

"आधी तुमच्याकडे काय आहे ते बघू."

केयूरने दोन्ही फोन खाली ठेवले. "सायकल कुठल्या सालची?"

हा प्रश्न श्यामसुंदरला आवडला. जन्मसाल विचारणारा माणूस व्यवहार जाणतो. "माउंटन बाइक आहे. तीन वर्षं झाली असतील," तो म्हणाला. "स्वभावाने शांत आहे. घरातच वापर."

"किती होलचा हब?"

"कितीचे असतात?"

"जास्त करून बत्तीस, नायतर छत्तीस. जेवढे स्पोक तेवढे होल. मोजले ना तुम्ही?"

श्यामसुंदरने मोजले नव्हते. पण आयुष्यभर ज्याने सव्वीस-सत्तावीस गुणांवर लोकांची लग्नं लावली, त्याच्यासमोर कोणी छत्तीस म्हटल्यावर तो बत्तीसकडे बघेल कशाला?

"छत्तीस द्या."

"नक्की? माउंटन बाइकला बत्तीस असतात, काका."

"छत्तीस मिळत असताना चार कमी का घ्यायचे?"

केयूरने खांदे उडवले. "पॅक फोडला की रिटर्न नाय हां."

"रिटर्नची वेळ माझ्याकडे येत नाही," श्यामसुंदर म्हणाला, आणि पॅक फोडून, हब हातात घेऊन, सगळ्या भोकांतून उजेड बघून, खूश होऊन घरी आला.

घरी आल्यावर त्याने स्पोक मोजले. बत्तीस भरले. त्याने झडतीला आलेल्या पोलिसासारखं ते पुन्हा मोजले, एकेकाला हात लावून. बत्तीसच. मग त्याने लवूंना मोजायला लावले.

"बत्तीस," लवू म्हणाले. "तर मगे काय? चार भोकां रिकामी सोडूया. जागा असली तर कोण नको म्हणता?"

या वेळी मात्र श्यामसुंदरने त्यांचं ऐकलं नाही. त्याला आपल्या केंद्रातली एक म्हातारी मावशी आठवली. ती म्हणायची, बाबा रे, पत्रिका राहू दे, मुलगी दाखव आधी. तिला तो नेहमी हसत असे. संध्याकाळी त्याने चाक काढलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्यावं तसं रिक्षातून दुकानात नेलं. लवू बरोबर आले. नको म्हटलं तरी आले.

केयूरने चादर सोडली.

"हे कोणी केलं?"

"माझ्या एका मित्राचं आहे," श्यामसुंदर म्हणाला. त्याने वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

"मित्राच्या बायलेचां," लवूंनी भर घातली. त्यांना खोटं बोलायला आवडतं, पण तपशिलात चूक झालेली आवडत नाही.

"आणि आत ग्रीस कोणी भरलं? हे पंपाचं ग्रीस आहे!"

"मित्राचा एक शेजारी आहे," श्यामसुंदर म्हणाला. लवू छताकडे बघायला लागले.

मग केयूरने समजावून सांगितलं. हबच्या चार गोष्टी जुळाव्या लागतात. भोकं बत्तीस. दांडीची जाडी आणि लांबी, नाहीतर चाक फ्रेममध्ये बसत नाही. डाव्या अंगाला ब्रेकची चकती बसायची जागा. आणि उजव्या अंगाला गिअरची उतरंड बसायचा खाचा. चारपैकी एक चुकली तरी चाक बाद.

"फक्त चार?" श्यामसुंदर म्हणाला. "आमच्याकडे आठ बघतात."

"कुठे?"

"ते असू दे. दाखवा तुमची स्थळं."

केयूरने खोके काढले. पहिल्याची भोकं बत्तीस, बाकी सगळं उत्तम, पण दांडी अंगठ्याएवढी जाड. दुसऱ्याची दांडी बरोबर, पण ब्रेकची चकती सहा स्क्रूंवर बसणारी, आणि या चाकाची दात्यांवर बसणारी. तिसऱ्याचं सगळं जुळलं. श्यामसुंदरने घाम पुसला. तेवढ्यात केयूर म्हणाला, "नाय, काका. गिअरचा खाचा वेगळा."

"थोडं इकडेतिकडे चालत नाही का?"

"दोन मिलिमीटरपण नाय चालत."

"अहो, आमच्यात मुलगा दोन इंच बुटका निघाला तरी बसवून घेतात!"

"मुलगा बसतो, काका. हब नाय बसत."

श्यामसुंदर स्टुलावर बसला. आणि तेव्हा, केयूरच्या डोक्यामागच्या फळीवर, त्याला एक खोका दिसला. उघडाच होता. आत नारिंगी रंगाचा हब, कालच्या हारातल्या झेंडूच्या रंगाचा.

"तो?"

"तो बुक आहे. एका मॅडमचा. स्पेशल मागवलाय, महिना लागला यायला. पुढच्या आठवड्यात बसवायचाय."

"जुळतो का तेवढं बघा."

"काका, बुक आहे म्हटलं ना."

"बघायला काय हरकत आहे? बघितलं म्हणजे लग्न झालं असं नाही."

केयूरने कंटाळून तो हब काढला आणि चाकाशेजारी धरला. भोकं मोजली. बत्तीस. दांडी लावून बघितली, मापात. चकतीची जागा, दात्यांची. गिअरचा खाचा, तोच. केयूरच्या कपाळाला आठी पडली. "कमाल आहे. सेम टू सेम."

श्यामसुंदर स्टुलावरून उठला. उभ्या आयुष्यात त्याने छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेले बघितले नव्हते. ते फक्त पुस्तकात असतं, असं तो नव्या कार्यकर्त्यांना सांगत असे. आणि इथे, लिंक रोडवर, एसीमध्ये, ते त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि नेमकं स्थळ आधीच ठरलेलं होतं.

एक गोष्ट श्यामसुंदरच्या बाजूने सांगायला हवी. ठरलेलं लग्न मोडायचं नाही, हा त्याचा नियम होता. एकदा एका मंत्र्याच्या पुतण्यासाठी कोणीतरी सुचवलं होतं, तेव्हा त्याने उठून दार उघडून धरलं होतं. तोच श्यामसुंदर आता केयूरच्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "त्या मॅडमना दुसरा मागवून द्या. हा मला द्या."

"असं नाय होत, काका. मॅडम मला फाडून खातील. डेंजर आहेत."

"असू देत. त्यांना काय घाई आहे? पुढच्या आठवड्यात बसवणार ना? माझ्या मित्राच्या बायकोला परवा लागणार आहे. ती पहिल्यांदा सगळ्या ग्रुपला घेऊन चाललीय. तुम्हाला माहीत नाही, केयूरभाई. जिना चढता येत नव्हता तिला. कठडा धरून उभी राहायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी मागे पिशव्या घेऊन उभा. काय करणार मी? मला गुडघ्यातलं काही कळत नाही. आता ती खाडी ओलांडून जाते. आणि मी मूर्ख, मला तो आवाज..." इथे त्याचा स्वतःचाच आवाज गेला.



"मित्राची बायको ना?" केयूरने विचारलं.

"मित्राचीच," लवू घाईने म्हणाले. "मित्र लय हळवो हा."

केयूरने दाढी खाजवली, खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी काढून खिशात टाकली आणि तो म्हणाला, "उद्या चारला चाक घेऊन जा. मॅडमना मी बघतो. पण काका, हातोडी विकून टाका."

शनिवारी चारला चाक तयार होतं. ब्रेकची चकती, गिअरची उतरंड, सगळं केयूरने चढवून दिलं होतं. फ्रेममध्ये चाक अडकवणं तेवढं उरलं होतं, ते श्यामसुंदर आणि लवूंनी मिळून केलं, आणि दुसऱ्या प्रयत्नात ते सुलट बसलं. श्यामसुंदरने चाक फिरवलं. कर्रर्रर्रर्र! आवाज पहिल्यापेक्षा दुप्पट होता. वरच्या गॅलरीतून कोणीतरी खाली डोकावलं.

"जरासां तेल..." लवूंनी तोंड उघडलं.

"धुरी," श्यामसुंदर म्हणाला, "घरी जा."

सातच्या सुमारास उत्तरा आली. डोहाळजेवणाचे फोटो दाखवून झाले, चहा झाला. श्यामसुंदर इतक्या प्रेमाने फोटो बघत होता, की उत्तराने एकदा त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हां, बोल केयूर."

श्यामसुंदरने कप बशीत ठेवला. मुंबईत केयूर पुष्कळ असतात, असं त्याने स्वतःला समजावलं.

"काय? दिलास? असा कसा दिलास? अरे, मी महिनाभर थांबलेय त्या हबसाठी! कोण काका? रडला? मग रडू दे की! तू सायकलचं दुकान चालवतोस की अनाथाश्रम?" तिने फोन टेबलावर आपटला. "ऐकलंस, श्याम? माझा हब कोणीतरी पळवला."

"तुझा... कसला हब?"

"मागच्या चाकाचा. जुना हब चढावर घसरतोय रे कधीचा. उद्याचं मी कसंतरी निभावणार होते आणि मंगळवारी नवा बसवून घेणार होते. खास माझ्या चाकाच्या मापाचा मागवला होता. तर म्हणे एक काका आला, बायकोच्या चाकाची त्याने हातोडीने वाट लावली होती, आणि माझा हब त्याला हुबेहूब बसला. म्हणून देऊन टाकला!"

हुबेहूब. श्यामसुंदरने रिकामा कप तोंडाला लावला. ज्या चाकासाठी मागवला त्याच चाकाला बसला, यात पत्रिकेचा काय संबंध? काल रात्री त्याने केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना कळवलं होतं, की आज छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेले मी स्वतः पाहिले, सविस्तर रविवारी सांगेन. सत्तर जणांनी हात जोडले होते.

"असेल काही अडचण बिचाऱ्याची," तो म्हणाला.

"बिचारा? बिचारी ती बायको! असल्या माणसाबरोबर राहते."

"हो," श्यामसुंदर अगदी मनापासून म्हणाला. "ती मात्र खरंच बिचारी."

"जाऊ दे. उद्यासाठी हवा बघून येते," असं म्हणून उत्तरा पंप घेऊन खाली गेली. श्यामसुंदर जागचा उठला नाही. खिडकीतून खालचं सगळं ऐकू येत होतं. आधी पंपाची फुसफुस. मग चाक फिरलं. कर्रर्रर्रर्र. मग लवूंचा आवाज, "माका काय्येक म्हायत नाय, वयनी." मग जिन्यावर वर येणारी पावलं.

उत्तरा पंप हातात घेऊन दारात उभी राहिली.

"श्याम."

"हं."

"हब नारिंगी आहे."

"रंगावर जाऊ नये," श्यामसुंदर म्हणाला. "बाकी सगळं जुळतंय."

तिने पंप भिंतीला टेकवून ठेवला. आता ती 'ठीक आहे' म्हणणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

"तो जुना हब मी टाकूनच देणार होते," उत्तरा म्हणाली. "एक फोन केला असतास, तर दुकानात जाऊन माझं नाव सांगायचं एवढंच काम होतं. आणि केयूर काय म्हणत होता? जिन्यावर माझ्या डोळ्यांत पाणी यायचं? नाही हां. मी रडत नव्हते. गुडघा ठणकायचा म्हणून तोंड वाकडं व्हायचं."

"हो. तोंड वाकडं व्हायचं."

"आणि तू काय रोज बुटाची नाडी बांधायचास रे? चप्पल घातलेली असली तरी?"

उत्तरा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. ओठ दाबून बसली होती, पण डोळे हसायला लागले होते.

"आपली पत्रिका कोणी बघितली होती?"

"मीच," श्यामसुंदर म्हणाला. "पहिलीच होती माझी."

"तरीच."

रविवारी सकाळी ती गेली. श्यामसुंदर गॅलरीत उभा राहिला आणि ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी तो कर्रर्र आवाज त्याला जेट्टीच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिला, किंवा तसं त्याला वाटलं. दुपारी ती लाल तोंडाने परत आली. या हबमुळे घंटीसुद्धा वाजवावी लागली नाही, माणसं आपोआप बाजूला होत होती, आणि शर्मिष्ठाबाई उत्तनच्या चढावर मागे राहिल्या, असं तिने दोनदा सांगितलं. श्यामसुंदरने पेपर बाजूला ठेवून ऐकलं. केंद्रात तो त्या दिवशी गेलाच नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

राहिला तो छत्तीस भोकांचा हब. केयूर परत घेईना. केंद्रातल्या लोकांनी छत्तीस गुणांचं काय झालं म्हणून विचारणं काही थांबवलं नाही, आणि श्यामसुंदरने तो माळ्यावर टाकायला काढला, तेव्हा उत्तराने त्याच्या हातातून घेतला, धुतला, उभा केला आणि देवघरात ठेवला. त्याच्या भोकात उदबत्तीची काडी बरोबर बसते. सैल नाही, घट्ट नाही. श्यामसुंदरने आजवर इतकी स्थळं जुळवली, पण न मोजता आणलेलं आणि एका मिलिमीटरचाही फरक न पडता बसलेलं एवढं एकच. पुढच्या वर्षी गणपतीत आरतीला आलेल्या लवूंनी तो निरखून बघितला आणि ते म्हणाले, "पाटणकरांनू, पस्तीस भोकां उगीच रिकामी आसत."